अर्धवट फळीची वाटणी

मी, शेवटी सही करणारी बाई, लाकडी खेळणी करून पोट भरलेली, आईबापांची थोरली मुलगी, नवऱ्यामागे राहिलेली आणि मूलबाळ नसलेली, असे लिहून ठेवते की हा मजकूर सांगताना माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही असे वकीलबाई म्हणाल्या. मला कोणी धाक घातलेला नाही. कोणी गोड बोलून भुलवलेलेही नाही. तसा प्रयत्न झाला, तो त्याच्या जागी सांगेन. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाचा दुसरा कागद कोणी पुढे केला तर तो खोटा समजावा, आणि पुढे करणारा बहुतेक माझा भाऊ असेल.

वकीलबाईंचे म्हणणे, मृत्युपत्रात मालमत्ता लिहावी, राग लिहू नये. मी त्यांना म्हटले, माझ्याकडे जे काही आहे त्यात सगळ्यांत नीट सांभाळलेला माझा रागच आहे, त्याची व्यवस्था कोण लावणार? त्यांनी चष्मा पुसला आणि लिहायला घेतले.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे पुढची कामाची खोली, मागची राहायची खोली आणि वरचा पोटमाळा, हे सगळे मी माझ्या भाचीला देते. भाची म्हणजे धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. घर वडिलांनी माझ्या नावे केले होते, कारण वाटणीच्या वेळी धाकट्याने "मला हे खुराडं नको" असे साक्षीदारांसमोर सांगितले होते. आता त्याला या खुराड्यातली एक वस्तू हवी आहे. ती वस्तू त्याला मिळू नये आणि भाचीला मिळावी, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे. बाकीची कलमे भरतीची आहेत, तरी वाचावीत.

घराबाबत माझ्या दोनच अटी आहेत. पुढच्या खोलीच्या खिडकीला पडदा लावू नये. फरशीवरचे रंगाचे डाग घासू नयेत, ते निघत नाहीत. माझ्या भावजयीने एकदा हौसेने प्रयत्न केला होता आणि नंतर आठवडाभर कंबर धरून बसली होती.

कलम दुसरे. बँकेत जे असेल त्यातून माझ्या शेवटच्या क्रियेचा खर्च करावा आणि उरेल त्यातून छत दुरुस्त करावे. माझ्या नावाने कुठे बाक, पाणपोई, बक्षीस असले काही ठेवू नये. माझे नाव हयातीत कुठे लागले नाही, ते मेल्यावर बाकड्याला लागायला नको.

कलम तिसरे. हत्यारे. करवती, कानशी, शिकंजे आणि लेथ हे सुतारकाम शिकवणाऱ्या शाळेला द्यावे. वडिलांची रुंद पटाशी मात्र भाचीसाठी ठेवावी. तिची मूठ डाव्या हाताला घडलेली आहे आणि भाचीही डावरी आहे. कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याने माझा रंधा उसना नेला, पात्याचे तोंड मोडून परत आणला आणि वर मला म्हणाला, "बाई, असाच होता." तो रंधा त्याला द्यावा. धार लावून देऊ नये.

कलम चौथे. आता फळी.

पुढच्या खोलीत, खिडकीच्या उजव्या बाजूला, भिंतीला एक लांब फळी ठोकलेली आहे. तिच्यावर पुरी न झालेली खेळणी आहेत. डोके नसलेला घोडा आहे. शिडीवर अर्ध्यात अडकलेले माकड आहे. काही वस्तूंना मी स्वतः घडवले असूनही त्या काय आहेत हे मला सांगता येणार नाही. घरात या फळीला आम्ही अर्धवट फळी म्हणतो. धाकटा हल्ली तिला "सर्जनाचा वारसा" म्हणतो. त्याने काढलेल्या खेळण्यांच्या संस्थेच्या दालनात तिला काचेच्या पेटीत ठेवायचे, वरून दिवे सोडायचे आणि शेजारी स्वतःचा फोटो लावायचा, असा त्याचा बेत आहे.

फळी काय आहे हे समजायला वडिलांची शिस्त सांगायला हवी. वडील खेळणी करायचे आणि फार बोलायचे नाहीत. आम्ही दोघे हाताशी येऊ लागलो तेव्हा त्यांनी एक नियम घातला. हातातले काम अडले की ते फळीवर ठेवायचे आणि पाठ फिरवायची. ते दुसऱ्याने उचलायचे आणि पुढे न्यायचे. पण उचलणाऱ्याने "तुला यातून काय करायचं होतं?" असे विचारायचे नाही, आणि ठेवणाऱ्याने सांगायचे नाही. कोणी तोंड उघडलेच तर वडील ती वस्तू उचलून शेगडीत घालायचे. माझा एक चांगला हत्ती असा गेला, कारण धाकट्याने विचारले आणि मी बावळटासारखी सांगून बसले.

मी त्या दिवशी खूप रडले. वडिलांना विचारले, सांगितलं तर बिघडतं काय? ते म्हणाले, "सांगितलंस की तो तुझंच करील. तुझंच करायचं असेल तर तू एकटी पुरे आहेस, त्याचे हात कशाला अडकवतेस?"

हे मला कळायला पुष्कळ वर्षे गेली. कळले ते एका लाकडी कासवामुळे.

ते कासव आता सगळ्यांना ठाऊक आहे. उलटे ठेवले की क्षणभर तसेच पडून राहते, जणू विचार करते, आणि मग आपले आपण सुलटे होते. पोरे त्या क्षणभराच्या थांबण्यावर जीव टाकतात. मोठी माणसे त्या थांबण्यावर भाषणे करतात. ते कसे झाले ते मी इथे लिहिते, कारण लिहिलेले दुसरीकडे कुठेच नाही.

मी बदक करत होते. डुलणारे बदक. पोटात शिसे बसवले, ते एका अंगाला गेले, आणि बदक डुलायचे सोडून सारखे लोळण घ्यायला लागले. मी वैतागून ते फळीवर ठेवले. धाकट्याने उचलले. त्याला बदक दिसलेच नाही. त्याने ते पालथे घातले, गोल पोट वर आले, आणि त्याने त्याला चार पायांच्या खाचा पाडल्या. माझे बदक बघता बघता कासव झालेले पाहून मी इतकी चिडले की दोन घास खाली उतरले नाहीत. मग त्याचेही अडले, कारण शिशामुळे ते उभेच राहीना. त्याने ठेवले, मी उचलले. पायांच्या खाचा त्याने वाकड्या पाडल्या होत्या, त्यांवर राग काढायचा म्हणून मी शिसे खरवडून बाहेर काढले आणि मानेच्या दांडीला जोडले, म्हणजे मान आत सरकली की वजनही सरकेल. ते चालले नाही. पुन्हा फळी. त्याने दांडी बदलली. बदलली ती ओल्या लाकडाची, कारण सुके आणायचा त्याला आळस. दांडी फुगली आणि ज्या पन्हळीतून ती सरकायची त्या खाचेत अडकायला लागली. मी तिला मेण चोळले, जरा जास्तच चोळले गेले. झाले. उलटे ठेवले की दांडी मेणात रुतून क्षणभर थांबायची, मग हळूच घसरायची, आणि कासव कुशीवर वळून उभे राहायचे.

ते विचार करणे म्हणतात ना, ते ओले लाकूड आणि जास्त झालेले मेण आहे. त्यात त्याचा आळस आहे आणि माझा धसमुसळेपणा आहे. आम्ही दोघे टेबलाशी उभे राहून ते पुन्हा पुन्हा उलटे करत होतो आणि हसत होतो. हे आपण केले असे दोघांपैकी एकालाही वाटत नव्हते. आयुष्यात त्याहून मोठा आनंद मला झालेला नाही, आणि हे मी नवऱ्याच्या आत्म्याची क्षमा मागून लिहिते.

लोक विचारतात, सुचते कसे? सुचत नाही. एकाचे चुकते. दुसऱ्याला त्यात भलतेच काही दिसते. पहिल्याला राग येतो, आणि रागाच्या भरात तो असे काही करतो जे शांत डोक्याने त्याने केले नसते. हे बरेच दिवस चालले की टेबलावर एक वस्तू उभी असते जी दोघांनाही परकी वाटते. तिला नवी म्हणायचे.

त्यानंतर काय झाले ते मोठे नाही. कारखानेवाला आला, कासव घेऊन गेला, आणि खोक्यावर कोणाचे नाव घालू म्हणाला. मी त्या दिवशी नवऱ्याबरोबर दवाखान्यात होते. धाकट्याने स्वतःचे नाव सांगितले. मी विचारले तर म्हणाला, "अगं ताई, खोक्यावर जागा कमी होती." पुढे मुलाखती आल्या. त्यात सुरुवातीला "आम्ही" होते, मग "मी आणि माझी बहीण", मग नुसते "मी". पुढे नदी आली. नदीकाठी एकटा बसलो असताना त्याने म्हणे उलटे पडलेले कासव पाहिले, ते थांबले, विचार केला आणि सुलटे झाले, आणि त्या क्षणी त्याच्या मनात वीज चमकली. संस्थेच्या उद्घाटनाला मी तिसऱ्या रांगेत होते. तो व्यासपीठावरून म्हणाला, "माझ्या बहिणीने मला मोलाची साथ दिली." साथ! साथ गाणाऱ्याला देतात. लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या आणि मी मान हलवली, कारण दुसरे काय करणार होते?

त्या दिवसापासून आमची फळी बंद झाली. तो यायचा राहिला. मी ठेवायची, पण उचलणारे कोणी नव्हते. त्यानंतर त्याने एकही नवे खेळणे केलेले नाही आणि मीही नाही. त्याने भाषणे केली, मी जुन्याच नमुन्यांवर हात चालवला.

पण माझा खरा राग नावापायी नाही. भाची लहान असताना तिने एकदा त्या कासवाचे पाय काढले आणि दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची चाके लावली. कासव उलटे पडले की सुलटे होऊन पळत सुटायचे. मी टाळी वाजवली. ती बापाकडे बघत होती. बापाने ते हातात घेतले, फिरवले आणि म्हणाला, "हे जोडलेलं आहे बाळा. सुचलेलं नाही." एवढेच म्हणाला, अगदी प्रेमाने. पोरीने पुन्हा हत्याराला हात लावला नाही. आज तिच्या केसांत पांढरे आले आहे, ती बापाच्या संस्थेत तिकिटे फाडते आणि काचा पुसते, आणि कोणी विचारले तर सांगते, "मला काही सुचत नाही हो, ते बाबांचं खातं." हे वाक्य ऐकले की माझ्या अंगाची आग होते. ते खोके, ती नदी, ते व्यासपीठ सगळे मी गिळले असते. हे गिळता येत नाही.

कलम पाचवे (रद्द). या कलमात मी असे लिहिले होते की धाकट्याने संस्थेच्या दारावर कासवाची खरी हकीकत पाटी करून लावली, आणि त्याखाली सही केली, तर फळीतला अर्धा भाग त्याला द्यावा. हे कलम मी खोडते आहे. वकीलबाईंना कागद नव्याने उतरवायचा होता. मी म्हटले, खोडलेले दिसू दे. का खोडले ते खाली आहे.

कलम सहावे. वरचे कलम लिहून झाले आणि दुसऱ्याच दिवशी धाकटा आला. फाटकाशी गाडी, हातात फुले. त्याला गुडघे माझ्याहून बरे मिळाले आहेत.

"ताई, फळी देऊन टाक आता," तो म्हणाला. "लोकांना बघू दे ना, विचार कसा जन्माला येतो ते."

"कसा येतो?" मी विचारले.

"तुला काय सांगायचं? तू होतीस की तिथे."

"कुठे?"

"नदीवर गं! तू पाण्यात पाय सोडून बसली होतीस. तुझी चप्पल वाहून गेली, तू रडायला लागलीस, मी चप्पल शोधायला वाकलो आणि तेव्हाच ते कासव दिसलं. विसरलीस?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तो खोटे बोलताना लहानपणापासून डावा कान चोळतो. त्याने कान चोळला नाही. त्याला ती चप्पल दिसत होती. माझे रडणे त्याला ऐकू येत होते. माझी चप्पल आयुष्यात कधी कुठल्या नदीत गेलेली नाही, पण त्याने इतक्या वर्षांत मला त्या नदीवर नेऊन बसवले होते, प्रेमाने, आणि परत आणायचे विसरला होता. इतकी वर्षे मी ज्या खोटारड्याशी मनातल्या मनात भांडत होते, तो केव्हाच निघून गेला होता. समोर होता तो एक म्हातारा, आपली आठवण खरी मानणारा. याच्याकडून सही कसली घेणार? म्हणून कलम पाचवे रद्द.

बोलता बोलता त्याने फळीवरून एक वस्तू उचलली. एक छोटेसे घर, पुढे दार, आत खुर्चीवर माणूस. दार उघडले की माणूस उठून दारात यावा अशी माझी कल्पना होती, पण दोरी ओढली की तो उंबऱ्यावर तोंडावर पडायचा. धाकट्याने ते हातात फिरवले. काय करायचं होतं, हे त्याने विचारले नाही. तोंड नदीबद्दलच बोलत होते, पण बोटे घराची मागची भिंत चाचपत होती.

"हे मागून काप," तो म्हणाला.

"मागे भिंत आहे. कापली तर घर बसेल."

"बसू दे."

"बसू दे काय बसू दे? माझं घर आहे ते."

"मग असं पुढून येऊन तोंडावर पडण्यापेक्षा मागून जाऊ दे की त्याला!"

मला संताप आला. मी त्याच्या हातातून घर ओढले, करवत घेतली आणि मागची भिंत दाराएवढी कापली, केवळ घर बसते हे त्याला दाखवायला. ते बसले नाही. छप्पर तिरके झाले आणि दोरी ताणली गेली. तो म्हणाला दोरी उलटी बांध, मी म्हटले तुला काही कळत नाही, आणि उलटी बांधली. त्याने कोटाच्या बाहीने भुसा पुसला. मग मी दार उघडले. आतला माणूस खुर्चीवरून उठला आणि मागच्या दाराने निघून गेला. दार लावले, तो परत येऊन बसला. पुन्हा उघडले, पुन्हा गेला. कितीही वेळा जा, तो भेटत नाही. धाकटा हसून हसून टेबलाला टेकला. मीही हसले, खोटे कशाला बोलू? इतक्या वर्षांनी खोलीत एक नवी वस्तू होती.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. तो दारापर्यंत गेला आणि वळला. बाहीवर भुसा तसाच होता.

"ताई," तो म्हणाला, "गंमत सांगू? हे मला येतानाच दिसलं होतं. गाडी पुलावर होती तेव्हा. अख्खं घर, मागचं दार, सगळं."

आणि त्याने कान चोळला नाही.

तो गेल्यावर दार लावून मी रडले. विसरायला वर्षे लागतात असे मला वाटत होते. याला टेबलापासून दारापर्यंतचे अंतर पुरले.

कलम सातवे. वकीलबाईंनी विचारले, हे छोटे घर कोणाच्या मालकीचे लिहायचे? मी म्हटले, दोघांचे. त्या म्हणाल्या, मग बाई, तुम्हाला अर्धेच देता येईल. बरोबर आहे. त्यातला माझा अर्धा हिस्सा आणि अख्खी अर्धवट फळी, तिच्यावरच्या सगळ्या चुकांसह, मी भाचीला देते. फळीला काच बसवू नये. तिच्यावरच्या वस्तूंना नाव किंवा क्रमांक देऊ नये. त्यांपैकी कोणतीही वस्तू काय होणार होती याचा अंदाज बांधत बसू नये.

भाचीस: पोरी, तुला सुचत नाही असे तू सांगत फिरतेस ते खरे आहे. कोणालाच सुचत नाही. तुझ्या बापालाही कधी सुचले नाही, आणि मलाही नाही. जोडतात, मोडतात, भांडतात आणि मग कोणीतरी खोक्यावर नाव घालते. नोकरी सोड किंवा सोडू नकोस, पण पटाशी हातात घे आणि फळीवरचे काहीही उचलून बिघडव. अडलीस की बापाला बोलाव. तो आहे तोवर त्याला भाषणांतून सोडवून माझ्या टेबलाशी खुर्चीवर बसव, आणि तो जे म्हणेल त्याच्या विरुद्ध बोल. त्याच्याइतके चुकीचे पाहणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. नवऱ्याला मी मनापासून प्रेम दिले, पण काम मी धाकट्याबरोबरच केले. तो नंतर सांगेल की सगळे त्यालाच सुचले. सांगू दे. तू मात्र तेव्हा त्याच्याकडे बघू नकोस, हातातल्या वस्तूकडे बघ.

कलम आठवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. धाकट्या भावाला तू काय ठेवलेस असे कोणी विचारील. त्याला मी काही ठेवलेले नाही. त्याच्याकडे नदी आहे, आता पूलही आहे, आणि दोन्हीकडे मी आहे की नाही हे त्याने ठरवावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्याच तोंडचा आहे, आणि राग कोठेही कमी केलेला नाही याची मी खात्री करून घेतली.

लिहून देणार: सही (थोरली बहीण, खेळणी करणारी)

आम्हा दोघांच्या देखत बाईंनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

साक्षीदार: सही (समोरच्या माडीवरची शिंपीण)
साक्षीदार: सही (घरचे डॉक्टर, बाईंची शुद्ध चांगली आहे, रक्तदाब चढलेला आहे)

ठिकाण: पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: नऊ मार्च, सकाळ